दोन हंडे जास्तीचे

पोळा उलटला तरी लिंबागणेशाकडच्या त्या वस्तीवर पाणी टँकरनंच येत होतं. दूध संस्थेचा सचिव पंडित यादी घेऊन उभा राही. माणशी एक हंडा. हातात यादी आली की मिशी नसलेल्यालाही पीळ द्यावासा वाटतो. छबुबाईनं दोन हंडे जास्तीचे मागितले, तसा तो सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "कावून मावशे? म्हैस माहेरी आलीय का?"

रांग हसली. छबुबाई आपल्या वाटणीचे हंडे उचलून परतली.

म्हैस ठणठणीत होती. घरात छबुबाईची पंधरा वर्षांची लेक सोजर बारा दिवस अंगावरून रक्त जाऊन पांढरीफटक पडली होती. उठली की भिंत धरी. कपडे भिजत घालायला पाणी नव्हतं. शेजारच्या सुभद्राबाईनं आपल्या वाटणीचे दोन हंडे आणून ओतले. "टँकर आला की दे," म्हणाली.

दुपारी मुकादम बद्रीनाथ आला. दिवाळीनंतर ऊस तोडायला कोण कोण येणार, ते मोजत हिंडत होता. सोजरकडं बघून म्हणाला, "गर्भाची पिशवी काढून टाका हिची. पाळीचे खाडे बंद, कटकट मिटंल. तुझी न्हाई का काढली?"

छबुबाईची काढली होती. चोविसाव्या वर्षी, असंच कुणीतरी म्हणालं म्हणून. कटकट मिटली, कंबर मात्र तेव्हापासून मोळी उचलताना रडत होती. नवरा, सटवा, गप्प बसला. सटवाचं गप्प बसणं म्हणजे निम्मा होकार, हे तिला वीस वर्षांत कळलं होतं.

पहाटे तिनं लेकीला बीडला जाणाऱ्या दुधाच्या टेम्पोजवळ आणलं. पुढं बसलेल्या पंडितनं सोजरचं तोंड पाहिलं आणि उतरून मागं कॅनवर जाऊन बसला.

बीडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त सहावर आलंय, बारा तरी हवं. आधी रक्त चढवू, अंगावरून जाणं थांबायच्या गोळ्या देऊ."

"आन पिशवी?"

"तिला कशाला हात लावायचा? नवी पाळी अशी बिघडते कधी कधी. औषधानं ताळ्यावर येईल. पण दर महिन्याला आणायचं."

दर महिन्याला, म्हणजे दिवाळीनंतरही. छबुबाईनं ऊसतोडीचे महिने बोटांवर मोजले.

चौथ्या दिवशी घरी आल्यावर तिनं बद्रीनाथला सांगितलं, "सोजर येणार न्हाई. मी बी न्हाई. हिला दवाखान्यात कोण नेईल?"

सटवा गप्पच होता. या खेपेला होकार कुठल्या बाजूचा, ते तिला उमगलं नाही.

टँकर आला. पंडितनं यादी न बघता तिचे दोन हंडे जास्तीचे भरले. ती सुभद्राबाईच्या दाराकडं वळली, तोच आतून सोजरची हाक आली. रक्त जाणं कमी झालं होतं, थांबलं नव्हतं.

"बाई, तुझे हंडे उद्या देते," छबुबाई कुडावरून म्हणाली आणि हंडे घेऊन आत गेली.