फोडणीच्या भाताची शिकवणी

लेकीला सातवा महिना होता, म्हणून कोथरूडला गेले होते. जावई नव्यानेच स्वयंपाक शिकत होते. रात्रीचा उरलेला भात ते फ्रीजमध्ये ठेवायला लागले, तर मीच म्हटलं, “अहो, राहू द्या ओट्यावर. फ्रीजमध्ये त्याचे खडे होतात.”

भर उन्हाळा हो! सकाळी फोडणीचा भात लेकीने दोनदा घेतला आणि दुपारी उलट्या थांबेनात.

“रात्रभर बाहेरचा भात?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कुणाची ही अक्कल?”

“माझीच,” जावई म्हणाले. “नवीन आहे मी.”

बाळ ठीक आहे म्हणाल्या, तरी माझी मान वर होईना.

रात्री जावयांनी विचारलं, “आई, भात कुठे ठेवू?”

मी उठले आणि पातेलं फ्रीजमध्ये ठेवलं.