शनिवारचं पाणी

शनिवारी संध्याकाळी साइटवर मजुरांचा आठवड्याचा पगार होतो आणि तो घेऊन माणसं तशीच बाजाराला जातात. मी छोटा कंत्राटदार. बंगल्याच्या मालकाने माझं बिल अडकवलं होतं, म्हणून या शनिवारी गाडी मागच्या गल्लीत लावली आणि मुकादमाला सांगायला लावलं, 'शेठ बाहेरगावी गेलेत, पगार सोमवारी.'

सगळे गेले असतील म्हणून जिन्याने वर गेलो. नव्या स्लॅबवर माझ्याकडच्या मजूर कौसाबाई पाइप धरून पाणी मारत होत्या. बाजाराची रिकामी पिशवी त्यांनी एका सळईला अडकवली होती. मला बघून त्यांनी फक्त पदर सारखा केला. बाहेरगावचं काहीच विचारलं नाही.

"मावशी, पगार नाही झाला, तरी थांबलात?"

"स्लॅबला काय ठावं पगार झाला न्हाई ते? आज वाळला तर तडे जात्याल."

पैसे अडकले तरी मी काम कधी थांबू दिलं नाही, हे चारचौघांत किती अभिमानाने सांगत आलो. ते काम या रिकाम्या पिशवीवर चालत होतं.

पाणी माझ्यापर्यंत आलं.

"शेठ, जरा सरका, बूट भिजत्याल."

मी सरकलो.