दगडावरचा पंजा

मेलेल्यांच्या नावाचे दगड कोरणाऱ्या त्या पाथरवटाला अख्खी गल्ली शंकासूर म्हणायची, आणि उगाच नाही म्हणायची. गिऱ्हाईक नुसतं "वर ओम काढा" म्हणालं, की याची उलटतपासणी सुरू. ओमच का? गेलेला माणूस कधी म्हणायचा का? क्रॉस असो, चंद्रकोर असो, नाहीतर बुद्धाचं चक्र, अर्थ पटल्याशिवाय गडी टाकीला हात लावायचा नाही. स्वस्तिकाच्या भुजा कुठे वळतात, हे तर तो भटजींनाही ऐकवायचा.

असा हा दीडशहाणा, पण स्वतःच्या बायकोचा दगड वर्षभर अर्धाच पडला होता. नाव कोरलं होतं, वरची जागा मोकळी. ती दिसेल त्या देवाला हात जोडायची, त्यामुळे खरा कुठला मानायची हे याला कळलंच नव्हतं. चुकीचं चिन्ह कोरलं तर ती कायमची परकी होऊन बसेल, ही भीती त्याला खात होती.

आणि एका सकाळी त्या मोकळ्या जागेवर खडूनं काढलेला उघडा पंजा!

त्यानं तो ओल्या फडक्यानं पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पंजा. तिसऱ्या दिवशीही. नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. संशय गेला सुनेवर. ती परधर्माची, तिच्या माहेरी दारावर असाच पंजा टांगलेला त्यानं पाहिला होता, नजर लागू नये म्हणून. आपल्या देवांचा हात अभय देतो, जैनांचा हात हिंसेला थांब म्हणतो. पण हा वेडावाकडा पंजा त्यातल्या कशातच बसेना. सासूला मेल्यावर बाटवतेय ही, असं त्याच्या मनानं घेतलं.

चौथ्या सकाळी तो दगडांच्या आड दबा धरून बसला. सून आली. कापलेला कागदी पंजा दगडावर ठेवून ती त्याच्या कडेनं खडू फिरवू लागली.

"हा कुठला देव आणलास माझ्या घरात?" तो गरजला.

सून दचकली, पण जागची हलली नाही. "देव नाही, बाबा. आईंचा हात आहे. हातमोजे विणायला माप घेतलं होतं मी. विणून व्हायच्या आधीच त्या गेल्या."

"मग तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही आधी अर्थ विचारला असता. तो मला नसता सांगता आला."

त्यानं कागद हातात घेतला. आखूड अंगठा, बाहेर फाकलेली करंगळी. साऱ्या धर्मांचे हात ओळखणाऱ्याला चाळीस वर्षं हातात घेतलेला हात ओळखता आला नव्हता. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"तीनदा पुसलं गं मी तिला," तो कसाबसा म्हणाला.

सुनेनं कागद परत घेतला, दगडावर ठेवला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला.

"आता कोरा," ती म्हणाली.