छपरावरून दिलेलं उत्तर

“तुझं काम पाइप धरायचं. तोंड उघडायचं न्हाय.”

अण्णांनी हे खालून, मान वर न करता सांगितलं. बैठकीतली माणसं हसली. मी माळवदावर उभा होतो, अँटेनाचा लोखंडी पाइप दोन्ही हातांत धरून.

पाइप घट्ट बसवलेला नव्हता. माळवदाच्या मातीत तो ठरत नव्हता. चौथरा करायचा तर सिमेंट लागणार. माणूस फुकट होता.

दुष्काळाचं साल होतं. मी भूगोल घेऊन बी.ए. झालो होतो आणि येरमाळ्याच्या रस्त्यावर रोजगार हमीची खडी फोडत होतो. टीव्ही गावच्या दूध संस्थेचा, सभासदांसाठी घेतलेला. पण ठेवला होता चेअरमनच्या, म्हणजे अण्णांच्या बैठकीत. माझी माय संस्थेची सभासद होती. आमच्या म्हशीचं दूध डेरीत चालायचं, माय बैठकीत चालायची नाही. बौद्ध वस्तीतले आम्ही अंगणात बसून दारातून दिसेल तेवढं बघायचो.

मला मात्र वर चढायला सांगितलं होतं. शिडी बाहेरून होती. घरात पाऊल न टाकता घराच्या डोक्यावर जाता यायचं. आणि मला तो मान वाटायचा. शिडीला हात लावताना मी मागं वळून आमच्या माणसांकडं बघायचो. बघा, मला बोलावलंय. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

पाइप सोलापूरकडं वळवला की चित्र स्वच्छ व्हायचं. ते चित्र मला दिसायचं नाही. माळवदातल्या झरोक्यातून खालची डोकी दिसायची आणि आवाज यायचा. मी टीव्ही ऐकला, पाहिला नाही.

त्या दिवशी प्रश्नमंजूषा होती. दोन कॉलेजांची पोरं आणि हिंदीत प्रश्न विचारणारा एक माणूस. डेरीत कारकुनाची जागा भरायची होती. मी अर्ज दिला होता. अण्णा “बगू” म्हणाले होते. त्यांच्या पुतण्यानंही दिला होता. कार्यक्रम रंगात आला तसे अण्णा मांडीवर थाप मारून म्हणाले, “शेवटच्या प्रश्नाचं उत्तर टीव्हीच्या आदी जो देईल, त्योच डेरीचा कारकून. झालं तर मग!”

सगळे हसले. मी हसलो नाही. मला ते खरं वाटलं. खरं वाटण्याची आमच्या लोकांना सवयच होती.

शेवटचा प्रश्न आला. विषुववृत्त दोनदा ओलांडणारी नदी कोणती?

खाली गलका झाला. “नाईल!” “गंगा आसंल की.” “आरं गंगा हितनं कुठं जाती, येडा हैस का?” पुतण्या इकडंतिकडं बघत होता. मी झरोक्यात वाकलो आणि ओरडलो, “काँगो! अण्णा, काँगो!”

“आकाशवाणी झाली रं!” कुणीतरी म्हणालं. बैठक खदखदली. तेव्हाच अण्णांनी ते ‘तोंड उघडायचं न्हाय’ सुनावलं. हसू ओसरायच्या आत पुतण्या शांतपणे म्हणाला, “काँगो.”

टीव्हीतला माणूस म्हणाला, “सही जवाब.”

टाळ्या पडल्या. अण्णांनी पुतण्याच्या पाठीवर हात ठेवला. “उंद्यापास्नं डेरीत यायचं.”

“अण्णा, उत्तर म्या दिलं.”

“पैज बसलेल्यांत हुती. तू बसला हुतास का?”

खाली मला शाळेत शिकवलेले गुरुजी होते. नकाशावर बोट ठेवून नद्या त्यांनीच दाखवल्या होत्या. मी म्हणालो, “गुरुजी, तुम्ही ऐकलं ना?”

“कार्यक्रम बगू दे, बाबा,” गुरुजी म्हणाले.

मी पाइप सोडला.

तो माळवदावर आडवा पडला. खाली टीव्हीत मुंग्या आल्या. “धर की रं! आरं धर!” मी शिडी उतरलो. अण्णा दारात आले. “वर जा.”

“न्हाय जायचो.”

मायनं माझा दंड धरला. “काय केलंस हे? उंद्या दूध त्येंच्याच डेरीत घालायचंय मला.” मी तिचा हात सोडवून घेतला. आपण लई मोठं काही केलं, असं वाटत होतं.

पुढच्या कार्यक्रमाला माळवदावर माझा चुलतभाऊ चढला. पाइप कसा वळवायचा ते त्याला मीच शिकवलं होतं. मी अंगणातून म्हणालो, “खाली ये.”

“तुला नगं तर मला करू दे की. डेरीत चिटकवतो म्हणलेत अण्णा.”

त्याच्या तोंडावर शिडी चढतानाचा माझाच चेहरा होता. माझा राग अंगणातच विरला. एकट्यानं पाइप सोडून काही होत नाही. दुसरा हात तयारच असतो, आणि तो आपल्याच घरातला असतो.

संस्थेची सर्वसाधारण सभा शाळेत भरायची. बाकीचे सभासद सतरंजीवर, आम्ही ओसरीत. शेवटी शिपाई बाहेर येऊन अंगठे घ्यायचा. त्या वर्षी मी मायला घेऊन आत गेलो आणि तिला पहिल्या ओळीत, सतरंजीवर बसवलं. शेजारी मी. चुलतभाऊ ओसरीतच थांबला. त्यानं आमच्याकडं पाहिलं नाही.

“काय पायजे?” अण्णा म्हणाले.

“काय न्हाय. बसायचंय.”

कुणी उठवलं नाही. अंगाला हात लावायला नको म्हणूनच उठवलं नसेल. दुसऱ्या दिवशी डेरीतून आमचं दूध परत आलं. “नासलंय.” त्यानंतर रोजच नासत गेलं. म्हैस आमच्या भागातल्या वाशीच्या बाजारात विकायला गेली. दावं मायनं स्वतःच्या हातानं सोडलं. पाइप सोडताना मी तिला विचारलं नव्हतं, सतरंजीवर नेतानाही नाही. किंमत तिनं दिली, कणा माझा ताठ झाला. हे मला कधी फेडता आलं नाही.

अण्णा गेले, संस्था बुडाली. बाकी फारसं बदललं नाही. अजूनही कुठल्या सभेला गेलो की आधी काम सांगतात. माईक बघा. पाण्याचं बघा. तुमची पोरं बोलवा, खुर्च्या लावायच्यात. गोड बोलतात, ‘दादा’ म्हणतात.

मी आधी बसतो. पहिल्या ओळीत. काम त्यानंतर. मला उठवायचं असेल तर हाताला धरून, सगळ्यांच्या देखत उठवावं लागेल.