एकदाच लावायचा कौल

कपाळाला कुंकू दिसलं की नवं माणूस हमखास विचारतं, "मालक काय करतात?" काय डोंबल सांगू? मालक गलबतावर गेले. जयगडच्या बंदरातून, माझ्या डोळ्यांदेखत, शिडात वारा भरून गेले. पुढचं मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत असायला हवं होतं त्यांनी कुणी मला धड सांगितलं नाही. आमच्या ग्रामदेवीनेसुद्धा नाही. सगळ्यात जास्त राग माझा तिच्यावर आहे.

एकोणीसशे तीसच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. आमचं गाव खाडीच्या काठावर, घरटी एक तरी माणूस दर्यावर. नारळी पौर्णिमा झाली की गलबतं बाहेर पडायची, लाकूड, मीठ, नारळ इकडचे तिकडे करायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. त्या वर्षी पाऊस आधीच आला, आणि वादळ घेऊन आला. गावातली बाकीची गलबतं कुठल्या ना कुठल्या खाडीत शिरून वाचली. आमचं कुणाला दिसलंच नाही. फळी नाही, शीड नाही, मढं नाही. आगबोटीने मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाला आम्ही सांगायचो, तिथल्या बंदरात चौकशी करा. ती माणसं परत येऊन मान हलवायची आणि वर आमच्याकडचा चहा पिऊन जायची.

मग सासूने देवीला कौल लावला. आमच्याकडे काहीही अडलं की कौल. लग्न ठरेना, विहिरीला पाणी लागेना, म्हैस हरवली, चला देवळात. गुरव देवीपुढे गाऱ्हाणं घालतो आणि भिजवलेल्या दोन कळ्या तिच्या पाषाणाच्या खांद्यांवर चिकटवतो, एक उजव्या, एक डाव्या. मग सगळ्यांनी श्वास धरून बघत बसायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्या दिवशी मी बाहेरची होते, परसात वेगळी बसले होते. देवळात जायचा प्रश्नच नव्हता. सासू संध्याकाळी आली, लांबूनच म्हणाली, "उजवा दिला हो बायने. माझा पोर हाय खंयतरी." आणि तिथेच अंगणात बसून ती रडली.

मीही रडले. आनंदानेच रडले, खोटं कशाला बोलू. लग्नाला पुरती दोन वर्षं झाली नव्हती. हे घरी असायचे ते फक्त पावसाळ्यात, पण तेवढ्यातही माणूस कळतं. जेवताना माशातला बरा तुकडा गुपचूप माझ्या वाट्याला सारायचे. तेवढ्यावर मी कितीतरी दिवस काढले.

पण दिवस काढायचे तरी किती? पहिली नारळी पौर्णिमा गेली, दुसरी गेली. पुढे पुढे बायका मला हळदीकुंकवाला बोलवायच्या आणि कुंकू लावताना हात आखडायच्या. बोलवावं तरी पंचाईत, न बोलवावं तरी पंचाईत. बांगड्या फुटल्या तर नव्या भरू की नको, हे सांगायलाही कुणी पुढे येईना. माझी चीडचीड व्हायची. सासूला म्हटलं, "आय, परत एकदा कौल लावूया." ती कडाडली, "बायने एकदा सांगितला ना? तोच सवाल परत विचारायचा म्हंजे तिच्यावर इस्वास नाय. पाप लागेल." झालं! एका कळीवर माझं सगळं आयुष्य टांगून ठेवलं, आणि ती कळी मी पाहिलीही नव्हती.

माझा थोरला भाऊ रत्नागिरीत शाळामास्तर होता. तेव्हा शहरात सुधारणेचं वारं होतं, देवळं सगळ्यांना खुली करा, अंधश्रद्धा सोडा, अशी व्याख्यानं व्हायची. दादा ती ऐकून यायचा आणि मला ऐकवायचा. "अगं, ओली कळी दगडावर चिकटते, वाळली की पडते. यात देव कुठे आला?" मी म्हटलं, "ते मलाही कळतं रे दादा. माझ्या डोक्यात काही अगदीच शेण नाही. पण मग मी विचारू कुणाला? तू सांगतोस का, ते आहेत की नाहीत?" त्याची सगळी व्याख्यानं तिथे संपली. पुढे एका बुवांच्या कीर्तनालाही तो मला घेऊन गेला. कीर्तन झाल्यावर मी पाया पडून विचारलं, तर बुवा डोळे मिटून म्हणाले, "कोण कुणाचा पती, माउली? हे सगळं मायेचं." मला असा राग आला! माया म्हणे. यांच्या घरी भाकऱ्या थापायला बायको होती.

पूजा मात्र मी सोडली नाही. का, ते मला सांगता यायचं नाही. रोज देवीपुढे दिवा लावायचे आणि मनातल्या मनात तिच्याशी भांडायचे. बाई गं, तू आहेस ना? मग बोल की. आणि नसलीस तर तसं तरी कळू दे, तेवढं तेल वाचेल.

अशी वर्षं गेली आणि मग ती मागणी आली. आमच्या खाडीत पलीकडे माणसं नेणारी होडी होती. ती चालवणारा बिजवर होता, बायको बाळंतपणात गेलेली. आमच्या ज्ञातीत विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं, त्यात कमीपणा नाही. त्याने गावातल्या मानकऱ्यांना विचारलं, मला नाही. पण होडीत बसले की कधी फालतू बोलायचा नाही, की टक लावून बघायचा नाही. उतरताना चिखल असला तर फळी टाकायचा. माझं मन त्याच्याकडे वळलं होतं, हे मी आज सांगते. तेव्हा स्वतःलाही सांगत नव्हते.

मानकरी म्हणाले, देवीचा कौल उजवा आहे, म्हणजे नवरा जिवंत. मग पाट लावायचा कसा?

त्या दिवशी मी सासूसमोर भडकले. चुलीजवळ ती सोलं निवडत बसली होती. मी म्हटलं, "तुमची देवी खोटारडी आहे. जिवंत आहेत तर एक निरोप नाही? इतक्या वर्षांत एक माणूस भेटला नाही त्यांना? खोटं बोलली ती!"

सासूने सूप खाली आपटलं. "बायला खोटी म्हणू नको! ती खोटा नाय बोलली. ती पयल्यांदाच खरा बोलली व्हती!"

म्हणाली आणि स्वतःच तोंडावर हात ठेवून बसली. मी विचारलं, "पहिल्यांदा म्हणजे?"

मग सगळं बाहेर आलं. त्या दिवशी आधी डावी कळी पडली होती. सासूने गुरवाचे पाय धरले. वाऱ्याने पडली, तुझ्या हाताचा धक्का लागला, परत लाव. त्याने परत लावली आणि दुसऱ्या खेपेला उजवी पडली. तोच कौल घेऊन ती घरी आली. गुरव बोलला नाही, देवळात होते ते मानकरीही बोलले नाहीत. देवीला खोटी पाडायला नको म्हणून सासू आज बोलली. मला खोट्यावर जगवताना मात्र तिला काही वाटलं नाही!

मी तिला वाट्टेल ते बोलले. ती ऐकून घेत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "तुला पोर असता तर कळला असता गो." त्याने मी आणखीच पेटले. म्हटलं, "आता माझ्यासमोर कौल लावायचा. एकदाच. जी पडेल ती. तुम्ही तोंडातून ब्र काढायचा नाही. घ्या देवीची शपथ." तिने शपथ घेतली.

पुढच्या सोमवारी आम्ही देवळात गेलो. मानकरी होते, सासू होती, होडीवाला बाहेर पायरीशी उभा होता. मी गुरवालाही बजावलं, "एकदाच हां, गुरवदादा." त्याने मान डोलावली. हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं, "बाय माझे, ही तुझी लेकरा तुझ्या पायाशी आली हायत. हिचा घो या जगात असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे, आणि हिच्या जिवाचा घोर काढ." सगळे म्हणाले, "व्हय महाराजा!"

कळ्या लावल्या. मी हात जोडले आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मागू काय? उजवी पड म्हणावं तर मी जन्मभर अशीच लटकणार. डावी पड म्हणावं तर मी माझ्याच तोंडाने त्यांचं मरण मागणार. इतकी वर्षं देवीवर दात खाल्ले, बोल म्हणून तिच्या मागे लागले, आणि आता ती बोलणार तर मला मागता येईना. नुसती कळ्यांकडे बघत राहिले. शेजारी सासूने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

डावी कळी हलली. खांद्यावरून घसरली आणि देवीच्या पायाशी पडली.

सासूने शपथ पाळली, तिच्या तोंडून हुंदकाही फुटला नाही. गुरवाने माझ्याकडे बघितलं. मला त्या क्षणी तो माशाचा तुकडा दिसला, माझ्या ताटाकडे सरकवलेला.

"परत लावा," मी म्हटलं.

गुरव म्हणाला, "बाय, तूच बोललीस ना, एकदाच म्हणून?"

"वाऱ्याने पडली. परत लावा म्हणते ना!" मी ओरडलेच. सासूने माझा हात घट्ट पकडला. गुरवाने तांब्यात बोटं बुडवली आणि नव्या कळ्या घेतल्या. बाहेर पायरीवर होडीवाल्याने वहाणा पायात सरकवल्या आणि तो खाडीकडे उतरून गेला. मी हाक मारली नाही.

दुसऱ्या खेपेला उजवी पडली. नसती पडली तर मी तिसऱ्यांदा लावायला लावली असती.