सातशे दोनचा फोन

हिरामावशी गेल्याचं मला कोणी येऊन सांगितलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर वाचायला मिळालं. 'फ्लॅट ७०२ मधील ज्येष्ठ नागरिक यांचे आज सकाळी निधन झाले. लिफ्ट नंबर दोन दुपारपर्यंत राखीव राहील. पार्किंगमध्ये गर्दी करू नये.' बस, एवढंच. नावसुद्धा नाही. खाली जोडलेल्या हातांची रांग, आणि त्या रांगेत मध्येच एकाने विचारलेलं, 'टँकर आला का?' ज्या जमिनीवर आमचा चौदा मजली टॉवर उभा आहे ती जमीन त्या बाईची होती, आणि तिला नाव नव्हतं! त्यानंतर जो भेटला तो म्हणाला, "सोनं झालं हो, शहाण्णव म्हणजे भरपूर जगल्या." भरपूर किती ते ठरवणारे तुम्ही कोण? गेला महिनाभर हे ऐकून माझं डोकं फिरलंय, म्हणून लिहायला बसलोय. सगळ्यात जास्त राग मला कोणाचा आलाय तेही सांगणार आहे, पण आधी मावशी सांगतो.

मी रत्नागिरीहून आलो तेव्हा माझ्या लग्नाला चार महिने झाले होते. भाईंदरजवळच्या मुर्धा गावात मावशीच्या घरामागे भाड्याच्या चार खोल्या होत्या, त्यातली एक आमची. तिचा नवरा मिठागरावर राबून लवकर गेलेला. घर अगदी रस्त्याला लागून आणि समोर बस स्टॉप. स्टॉपला शेड नव्हती, त्यामुळे पुढच्या राई गावाला जाणारं आणि भाईंदर स्टेशनला जाणारं सगळं गाव मावशीच्या ओटीवर बसायचं. मासळीवाल्या पाट्या उतरवून पाय पसरायच्या, शाळेचे मास्तर पेपर वाचायचे, गुजराती कापडवाला गठ्ठा सोडून बसायचा. मावशी मधोमध. "जेवलास का रं?" हा पहिला प्रश्न, नाव-गाव नंतर. एखादी बस भरलेली आली तर तिला आनंदच व्हायचा, कारण माणसं आणखी अर्धा तास बसणार! आमच्या पहिल्या बाळाच्या वेळी नंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, माहेरी जाता आलं नाही. मावशीने ओटीवरूनच हाळी दिली आणि संध्याकाळपर्यंत कोणी अळिवाचे लाडू आणले, कोणी शेकशेगडी, कोणी जुन्या लुगड्यांची दुपटी. नंदा अजून सांगते, "माझं बाळंतपण बस स्टॉपने केलं."

मग घर पाडून टॉवर झाला. मावशीला सातव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, आम्ही तिसऱ्यावर विकत घेतला. ओटी गेली, पण माणसं कुठे जाणार? ती गेटवर येऊन मावशीची, त्यांच्या हिराबायची, चौकशी करायची. तेवढ्यात सोसायटीने गेटवर ती मशीनची व्यवस्था आणली. वॉचमन फ्लॅटचा नंबर दाबतो, घरच्या फोनवर रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज येतो, माणसाला आत सोडायचं असेल तर एक दाबा, नसेल तर दोन. मावशीला अक्षर ओळखू येत नव्हतं. तिचा साधा बटणांचा फोन होता, कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवलेला. तिच्या नातसुनेने एकच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून दिला. झालं! फोन वाजला की मावशी आधी त्या मशीनच्या बाईला म्हणायची, "ये गो, ये, वर ये," आणि मग ठिपका दाबायची.

दोनचं बटण तिने कधी दाबलंच नाही. कोण आलंय हेही विचारायची नाही. आठवड्याभरात ही बातमी फिरली. पार्सलवाली मुलं, फिल्टर विकणारे, इस्त्रीवाला, ज्याला आत यायचं तो गेटवर "सातशे दोन" सांगायचा. सातव्या मजल्याच्या पॅसेजमध्ये एकदा एक साडीवाला तीस साड्या पसरून बसला होता आणि मावशी त्याला चहा देत होती. कमिटीत तक्रारी सुरू झाल्या. सिक्युरिटी, सिक्युरिटी, सिक्युरिटी! एक सायकल हरवली, तीही मावशीच्या नावावर जमा. ती पुढे बी विंगच्या गच्चीवर सापडली, पण तेव्हा कोणी ग्रुपवर 'सॉरी' लिहिलं नाही. मी मावशीला समजवायला गेलो. म्हटलं, "मावशी, अनोळखी माणसाला दोन दाबत जा." तिने माझ्याकडे असं बघितलं, की मीच अनोळखी झालो.

"मानूस दारान उभा हाय, न् त्याला नको सांगू? तू आलास तवा मी तुला वलखत होते काय रं, सदा?"

यावर मी काय केलं? खाली आलो आणि कमिटीचा ठराव टाइप केला. सेक्रेटरी मीच होतो ना! सातशे दोनसाठी मावशीचा नंबर काढून तिच्या नातवाचा, नितेशचा, नंबर टाकावा. आणि ज्याला फ्लॅट नंबर आणि पूर्ण नाव सांगता येत नाही त्याला गेटवर उभं करू नये. खाली माझी सही, आणि त्याची नोटीस गेटवर. नितेश अंधेरीला नोकरीला. दुपारच्या मीटिंगमध्ये अनोळखी फोन वाजला की तो कट करायचा, त्यात त्याचा काय दोष? गावातल्या म्हाताऱ्यांना सातशे दोन ठाऊक नव्हतं, हिराबाय ठाऊक होती. त्या एकदा परत गेल्या, दोनदा गेल्या, मग यायच्या थांबल्या.

मावशीला यातलं काही सांगितलं नव्हतं. दोन महिन्यांनी तिने मला वर बोलावलं आणि गळ्यातली पिशवी काढून हातात दिली. "सदा, फोन बिगारलाय. वाजतच न्हाय." …आणि मी, शिकलेला, रिटायर झालेला, दोन नातवंडांचा आजोबा, तो फोन घेऊन स्टेशनजवळच्या दुकानात गेलो! खरं सांगायचं धाडस नव्हतं म्हणून. दुकानदाराने फोन उघडला, साफ केला, स्वतःच्या मोबाइलवरून वाजवून दाखवला. "अंकल, फोन एकदम बढिया है. कोई करता ही नहीं होगा." मी तो परत नेऊन दिला. मावशीला म्हटलं, आता नीट झालाय. तिने पिशवी गळ्यात घातली आणि त्या दिवसापासून ती दुपारी आडवी व्हायचीसुद्धा बंद झाली, नंदाने बघितलंय. खुर्चीत बसून वाट बघायची. सात महिने. कोणाला दारातून परत न पाठवणाऱ्या बाईला आम्ही असं माणसांवाचून बसवलं, आणि म्हणे सोनं झालं!

ती गेली त्या दिवशी मुर्ध्याची माणसं निघाली. राईची, मोरव्याची निघाली. साठ-सत्तर माणसं गेटबाहेर उन्हात उभी. वॉचमन एकेकाला विचारतोय, "किसके यहाँ जाना है? फ्लॅट नंबर बोलो." फोन जात होता नितेशला आणि नितेश आजीच्या उशाशी बसलेला, फोन बंद करून. मी खाली धावलो. मथुराबाय म्हणून मासळीवाली आहे, पंच्याहत्तरची असेल, ओटीवर रोज पाटी उतरवणारी. ती गजांना धरून ओरडत होती, "मेल्यावर पन आमाला न्हाय सोडनार काय रं?" मी वॉचमनला म्हटलं, गेट उघड, सगळ्यांना आत घे. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "साब, नोटिस पे तो आप का ही साइन है."

गेट मी स्वतः उघडलं. मथुराबाय मला बाजूला सारून आत गेली.

बाराव्याच्या आधी कमिटीला शोकप्रस्ताव हवा होता. 'सर्वांच्या लाडक्या' असं कोणीतरी सुचवलं. मी त्याच कागदाच्या पाठीमागे राजीनामा लिहिला आणि तो देण्याआधी, सेक्रेटरी म्हणून शेवटचं काम, सातशे दोनला मावशीचा नंबर परत लावला. नितेशला विचारूनच. त्याने गळ्यातल्या पिशवीसकट फोन माझ्या हातात ठेवला. म्हणाला, "काका, तुम्ही दिवसभर घरी असता." आता कमिटीची मला नोटीस आली आहे, अनधिकृत व्यक्तींना प्रवेश दिल्याबद्दल. येऊ दे. आणखी दहा येऊ देत.

फोन आमच्या जेवणाच्या टेबलावर असतो. लाल ठिपका दाबून दाबून पार झिजलाय, कडेला जरासा उरलाय. काल दुपारी वाजला. मशीनची बाई बोलू लागली. नंदा म्हणाली, "कोण आहे विचारा तरी."

"ये गो, ये, वर ये," मी म्हटलं, आणि एक दाबला.