कप्तानाने आखलेली सफर

सगळे त्याला कप्तान म्हणायचे, आणि त्यात थट्टाच जास्त होती. बंदरातल्या टगबोटीच्या इंजिनखोलीत त्याची सगळी नोकरी गेली. मोठाली जहाजं ओढून आत आणायची, बाहेर सोडायची. पण वर काय चाललंय ते त्याला फक्त घंटेवरून कळायचं. "समुद्रावर राहून समुद्र न बघितलेला माणूस मी," असं तो सांगायचा, पण सांगताना हसायचा नाही.

निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनी शिडाची बोट घेतली. त्याने तळाच्या फळ्या बदलल्या, बायकोने शिडं शिवली. एकेक बेट, एकेक बंदर करत किनाऱ्याने हिंडायचं, असं दोघांचं ठरलं होतं. आधी बायको गेली. मग एका सकाळी दाढी करताना आरशातलं तोंड वाकडं दिसायला लागलं, आणि डावं अंग लुळं पडलं. लेकीने त्याला आपल्या घरी आणलं.

तिथे तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. व्यायाम करून घ्यायला येणारी बाई म्हणाली, "यांचं मन कशात तरी गुंतवा, नाहीतर हे उठायचे नाहीत." त्या संध्याकाळी लेकीने जेवणाच्या टेबलावर किनाऱ्याचा नकाशा पसरला, कोपऱ्यावर साखरेचा डबा ठेवला आणि हाक मारली, "बाबा, हवा सुधारली की आपण बोटीने निघू. सांगा, पहिला मुक्काम कुठे?"

म्हातारा काठी टेकत टेबलापर्यंत आला.

मग रोज संध्याकाळी तेच. लेकीला बोट लागते म्हणून पहिला टप्पा छोटा. गोड्या पाण्याची विहीर असलेल्या बेटावर पिंपं भरायची. दोन बेटांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात पाण्याला ओढ फार, तो सकाळीच ओलांडायचा. पलीकडच्या बंदरात भरतीलाच शिरायचं, नाहीतर बोट चिखलात बसली म्हणून समजा. लेक विचारायची, जावई मान डोलवायचा. म्हाताऱ्याची जीभ सुटली, हात हलायला लागला.

एके दुपारी त्याचा जुना दोस्त, धक्क्यावरचा दोरखंडवाला, त्याला आपल्या टेम्पोत घालून बंदरावर घेऊन गेला. "चल, तुझी नवरी बघून येऊ."

बोटीला निळा रंग लागला होता. डोलकाठीला बांधलेल्या दोरीवर परक्या माणसाचे शर्ट वाळत होते. तो माणूस भला होता. त्याने चहा विचारला. "तुमच्या जावयानेच विकली," तो म्हणाला. "तुम्ही आजारी पडलात ना, त्याच आठवड्यात."

म्हणजे नकाशा पसरला तेव्हा बोट नव्हतीच.

कप्तान चहा प्यायला. परतताना दोरखंडवाल्याला म्हणाला, "घरी काही बोलू नकोस."

त्या संध्याकाळी तो टेबलाशी नेहमीपेक्षा लवकर येऊन बसला. "जावईबापू, रजा टाकलीत का? आता मागेपुढे करू नका." जावयाने लेकीकडे पाहिलं. लेक म्हणाली, "टाकतील ना, बाबा." दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने फोन करून विहीणबाईंना आमंत्रण दिलं. जावयाच्या आईला बोट विकल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. ती हरखून गेली. रुंद काठाची टोपी घेतली आणि गल्लीभर सांगत सुटली. जावयाची झोप उडाली. लेक दर आठवड्याला नवं कारण काढायची: वादळाचा इशारा आहे, डॉक्टर नको म्हणतात. म्हातारा प्रत्येक कारण गोड बोलून खोडून काढायचा. ताटावर बसलेल्या लेकीचा घास अडलेला दिसला की तो पुढच्या बंदराचं वर्णन सुरू करायचा. गेल्या कित्येक महिन्यांत त्याला इतकी भूक लागली नव्हती.

निघायच्या सकाळी त्याने सगळ्यांना धक्क्यावर आणलं. विहीणबाई टोपी घालून पुढे, मागे पिशव्या घेतलेला जावई.

"जावईबापू, दाखवा की आईंना आपली बोट."

जावई पायाखाली बघत राहिला. विहीणबाई म्हणाल्या, "अरे, बोल ना! कुठली आपली?"

लेकीने वडिलांचा चेहरा पाहिला आणि तिच्या हातातली पिशवी गळली. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग हे सगळं..."

"तू मला खुळ्यासारखं खेळवलंस, मी तुला खेळवलं."

"मी खोटं बोलले ते तुम्ही उठावं म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही कशासाठी केलंत?"

त्याच्याकडे उत्तर होतं. तिचा चेहरा असा पडलेला त्याला बघायचा होता, आणि तो त्याने पोटभर बघितला होता. तो काठी टेकत परत फिरला.

जावई दोन-चार दिवसांत निवळला. विहीणबाई तर ती गोष्ट हसून हसून सांगायच्या. लेक मात्र बदलली. औषध वेळेवर, जेवण वेळेवर, अंथरूण स्वच्छ. संध्याकाळी मात्र ती त्याच्यापाशी बसली नाही. त्याला पुन्हा झटका आला आणि काठी टेकत चालणंही सुटलं. एकदा ती पेज भरवत असताना तो अडखळत म्हणाला, "दुसरी एखादी बोट बघूया का गं?"

"बघा की," ती म्हणाली. त्याची हनुवटी पुसली, पांघरूण सारखं केलं आणि वाटी घेऊन निघून गेली. हाक ऐकू यावी म्हणून दार तिने उघडंच ठेवलं होतं. त्याने हाक मारली नाही.